फाटकापाशी सोनटक्का लावणाऱ्यांस

मुलाने नोकरी कुठं करावी, मुलीला स्थळ कुठलं पाहावं आणि सोनटक्का कुठं लावावा, या तीन विषयांवर सल्ला द्यायला आपल्याकडे कसलीही पात्रता लागत नाही. पहिल्या दोन विषयांवर गप्प बसायची सवय मी लावून घेतली आहे. तिसऱ्यावर मात्र आता बोललंच पाहिजे. कारण सावेडीपासून केडगावपर्यंत आणि भिंगारपासून बुरूडगाव रस्त्यापर्यंत ज्या ज्या घराला म्हणून चार हात अंगण आहे, तिथं तिथं सोनटक्का दिसला तर तो मला एकाच जागी दिसतो. फाटकापाशी! भर दुपारच्या उन्हात, पानांच्या कडा विडीच्या थोटकासारख्या करपलेल्या, आणि शेंड्याला कळीच्या नावाने शंख. मालक बाजूला नळी घेऊन उभे. म्हणतात, "पाणी तर रोज घालतो हो, पण धरतच नाही. जात खराब असेल."

जात खराब नाही, मालक. जागा खराब आहे.

हे मी नगरबद्दल बोलतो आहे. गावाचं नाव आता अहिल्यानगर झालं, २०२४ साली त्यावर सरकारी शिक्काही बसला. पण जीभ ही जुन्या पासबुकासारखी असते, नवी नोंद चढायला वेळ लागतो. ऊन दोन्ही नावांना सारखंच लागतं.

आधी या झाडाचं कुळ पाहा. सोनटक्का हा आल्या-हळदीचा चुलतभाऊ. त्याचं माहेर पूर्व हिमालयाच्या अंगाला. ओढ्याकाठी, रानाच्या कडेला, जिथं जमीन ओली आणि ऊन गाळून येतं तिथलं. शास्त्रज्ञांनी त्याला 'हेडिकियम' असं नाव ठेवलं, त्याचा ग्रीक अर्थ होतो 'गोड बर्फ'. ब्राझीलमध्ये लोक त्याला 'दलदलीतली लिली' म्हणतात, आणि तिथं तो ओढ्यांच्या काठाने इतका माजला आहे की उपटून टाकायचा कसा हा प्रश्न आहे. क्युबाने तर त्याला राष्ट्रीय फूल केलं. आता ज्याला एक देश बर्फ म्हणतो आणि दुसरा दलदल म्हणतो, त्याला आपण साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाच्या गावात, सिमेंटच्या खांबाला टेकवून, वैशाखात उभं करतो. बर्फाच्या गोळ्याची गाडी वीटभट्टीवर लावावी, त्यातला हा प्रकार.

मराठी नावाने तर आणखीच घोटाळा केला आहे. नावात सोनंही आहे आणि टक्काही आहे. एखाद्या बँकेने ठेवयोजनेला हे नाव द्यायला हरकत नाही. प्रत्यक्षात फूल पांढरंशुभ्र. सोन्याचा पत्ता नाही आणि टक्क्याचाही नाही. पण नावाला भुलून माणसं ते दर्शनी भागात लावतात. एका वास्तुतज्ज्ञांनी आमच्या एका स्नेह्यांना प्रवेशद्वाराच्या उजव्या हाताला सोनटक्का लावायला सांगितलं, म्हणजे घरात सोनं येईल. सोनं आलं नाही. सोनटक्काही गेला. तज्ज्ञांची फी मात्र आगाऊ गेली होती.

फाटकवाल्यांचा मुख्य मुद्दा असा की, फूल आल्यागेल्याला दिसलं पाहिजे. हा मुद्दा मला मुळातच मान्य नाही. आपण दिवाणखाना पाहुण्यांसाठी ठेवतो, चांगले कप पाहुण्यांसाठी ठेवतो, गादीवरची चांगली चादर पाहुण्यांसाठी काढतो. निदान झाड तरी झाडासाठी लावावं की नाही? शिवाय सोनटक्क्याला तुमच्या पाहुण्यांशी काडीचं कर्तव्य नाही. त्याचं फूल उमलतं दिवेलागणीला आणि वास सोडतं तेही तेव्हाच. पांढरा रंग, लांब नळी आणि तो वास, हा सगळा थाट रात्री उडणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी असतो. संध्याकाळी सातला फाटकापाशी कोण असतं? स्कूटर आत घेणारे तुम्ही, आणि धुराड्यातून निघणारा स्कूटरचा वास. दोन वासांच्या लढाईत कोण जिंकतं, ते सांगायला नको.

आणि समजा, सगळ्या संकटांतून तगून फाटकापाशी फूल आलंच, तर ते तुमचं असतं अशी तुमची समजूत आहे काय? आपल्या गावात पहाटे पाच ते साडेसहा या वेळात एक वर्ग फिरायला निघतो. पायांत बूट, डोक्याला मफलर आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी. काहींकडे काठीला वाकवलेली तार असते. ही सगळी माणसं सज्जन, निवृत्त आणि देवभक्त. देवाला स्वतःच्या झाडाचं फूल चालत नाही अशी त्यांची काहीतरी दृढ श्रद्धा असावी. कंपाउंडवरून हात येईल तेवढ्या टापूतलं प्रत्येक फूल त्यांच्या खात्यावर जमा होतं. म्हणजे मशागत तुमची, पाणी तुमचं आणि पुण्य तिसऱ्याच गल्लीत. बिनतारणी कर्जात सुद्धा एवढी बुडीत होत नाही.

पण खरी गफलत होते ती याच्या आधी, जागा निवडतानाच. सोनटक्क्याचे कंद लोक आणतात जूनमध्ये, पहिला पाऊस पडला की. तीच वेळ बरोबर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण जागाही ते त्याच दिवशी निवडतात! बाहेर आभाळ भरलेलं, गार वारा सुटलेला; आषाढात सगळं नगरच सावलीत असतं. त्या दिवशी तुम्हाला फाटकही शीतल वाटतं आणि सिमेंटची गच्चीही. पावसाळ्यात सावलीची जागा शोधणं म्हणजे दिवाळीच्या बोनसच्या दिवशी महिन्याचं अंदाजपत्रक करणं. हिशेब वैशाखात करायला हवा.

इथं मंडळी पुस्तकं काढतात. बागकामाच्या जाड, चकचकीत इंग्रजी पुस्तकांत लिहिलेलं असतं की सावलीची झाडं घराच्या उत्तरेच्या भिंतीशी लावावीत. पुस्तक खोटं बोलत नाही. पण ते लिहिलेलं असतं इंग्लंडसाठी. तिथं सूर्य जन्मात डोक्यावर येत नाही, बारा महिने दक्षिणेकडूनच डोकावतो. आपलं नगर आहे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर, आणि सूर्य जातो साडेतेवीस अंशांपर्यंत. म्हणजे मेच्या मध्याला तो बरोबर डोक्यावर येतो, त्या दिवशी दुपारी आपली सावली पायाखाली नाहीशी होते आणि शाळेतली मुलं अंगणात काठ्या रोवून 'शून्य सावली' बघतात. तिथून पुढे जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य भरदुपारी सुद्धा आपल्या उत्तरेला असतो. आणि चैत्रापासून तो उगवतो ईशान्येकडे सरकून, मावळतो वायव्येकडे सरकून. म्हणजे ज्या उत्तरेच्या भिंतीवर पुस्तकाने भरवसा टाकला, तीच भिंत उन्हाळ्यात संध्याकाळचं तिरपं ऊन खात बसलेली असते. ते चार वाजताचं ऊन दुपारच्या उन्हापेक्षा वाईट. दुपारचं ऊन निदान समोरून बोलतं. हे कुजकं, बाजूने येऊन पानाच्या कडा जाळतं.

दुसरे सल्लागार म्हणजे कोकणातले नातेवाईक. माझी सासुरवाडी तिकडची आहे, त्यामुळे शब्द जपून वापरतो. मेहुणे येतात, करपलेली कुणाची तरी झुडपं बघतात आणि म्हणतात, "आमच्याकडे तर न्हाणीच्या पाठीमागं कंद टाकून दिला, रान माजलं. तुमच्याकडे हातगुण नाही." हातगुण नाही, भावजी, पाऊस नाही. एवढं कोकणात जायचीही गरज नाही. आमच्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात घाटघरला, भंडारदऱ्याला, कळसूबाईच्या पायथ्याला पाऊस असा कोसळतो की घाटघरला नगरचं चेरापुंजी म्हणतात. तिथल्या माणसाने सोनटक्का फाटकाशी लावला तर मी एक अक्षर बोलणार नाही. पण जिल्हा एक म्हणून सल्ला एक होत नाही. पश्चिमेला छत्री उलटी होते आणि इकडे पाथर्डी-जामखेडच्या बाजूला ती उघडायचं निमित्त शोधावं लागतं.

मग जागा ओळखायची कशी? मला एक कसोटी ठाऊक आहे. तिला यंत्र लागत नाही, पुस्तक लागत नाही आणि फी लागत नाही. वैशाखातल्या कुठल्याही रविवारी दुपारी तीन वाजता उठा. (झोपमोड होईल, त्याला इलाज नाही.) चप्पल काढा आणि घराभोवती मातीवर अनवाणी उभे राहत चला. जिथं एक ते शंभर आकडे शांतपणे मोजता येतात, तिथं खूण म्हणून एक दगड ठेवा. जिथं वीस मोजता मोजता नाचावं लागतं, ती जागा बोगनवेलीला. फाटकापाशी मी धडधाकट माणसाला सात-आठच्या पुढे मोजताना पाहिलेलं नाही.

बहुतेक घरांत हा दगड पडतो पूर्वेच्या अंगाला, घर आणि कंपाउंड यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या पट्टीत, जिला नकाशात 'साइड मार्जिन' म्हणतात आणि व्यवहारात अडगळ. सकाळी दहापर्यंत तिथं कोवळं ऊन येतं. ते हवंच. सावली आवडते याचा अर्थ अंधार आवडतो असा नव्हे. काही अतिउत्साही मंडळी माझं ऐकून सोनटक्का थेट जिन्याखाली नेऊन ठेवतात, आणि मग तिथं नुसती पानंच पानं. फूल म्हणून नाही. कारकुनालाही फायलींच्या आड ठेवलं तर तो जगतो, पण फुलत नाही. सकाळचं तीन-चार तास ऊन, आणि दुपार कलली की घराची स्वतःची सावली. घराच्या सावलीसारखी भरवशाची सावली नाही. ती पानगळ करत नाही, जमिनीतलं पाणी पीत नाही, आणि रस्तारुंदीत तोडलीही जात नाही.

झाडाच्या सावलीचं तसं नसतं. गुलमोहर घ्या. नगरमध्ये गुलमोहराच्या नावाचा एक अख्खा रस्ता आहे. दिसायला राजबिंडं झाड. पण ऐन चैत्रात, सावलीची खरी गरज असते तेव्हा, ते अंगावर पान ठेवत नाही. ऊन पडलं की छत्री मिटून घेणारा सोबती काय कामाचा? कडुनिंब त्या मानाने शहाणा. त्याची पानगळ होळीच्या आसपास उरकते आणि वैशाखापर्यंत तो नवी पालवी घेऊन उभा असतो. आंब्याची सावली दाट, बारमाही. पण दोघांच्याही मुळ्या सावकारी जातीच्या. वरून तुम्ही बादलीभर पाणी घाला, सोनटक्क्याला व्याजापुरतंही उरत नाही. तेव्हा झाडाखाली लावायचाच तर बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या सावलीची कड जिथं संपते तिथं.

आता माती. फाटकापाशी माती नावाची जी वस्तू असते, ती माती नसते. घर बांधून झाल्यावर ठेकेदाराने उरलेला सगळा माल फाटकालगतच पुरलेला असतो. विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, चुना, फुटक्या टाइल्स, एखादं गवंड्याचं थापीचं मूठसुद्धा. नगरच्या मातीची ही ख्याती जुनी आहे. १९४२च्या ऑगस्टपासून १९४५च्या मार्चपर्यंत पंडित नेहरू आपल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत होते. तिथं त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच पुस्तकाच्या सुरुवातीला, इथं आपण भर उन्हातही तासन्‌तास फुलांचे वाफे खणले आणि जमीन कशी दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या राडारोड्याने भरलेली होती, हेही त्यांनी नोंदवलं आहे, ते कुणाच्या लक्षात राहत नाही. नेहरूंना निदान जागा निवडायची सोय नव्हती. कैद्याला किल्ल्याचं अंगण मिळेल तेच. तुम्हाला कुणी अटक केली आहे?

सोनटक्क्याला पाणी धरून ठेवणारी, शेणखत मुरलेली भुसभुशीत माती लागते. कंद आडवा ठेवायचा, दोन-तीन बोटं खोल, उगाच विहिरीत सोडल्यासारखा नाही. एका दांड्याला आयुष्यात एकदाच फुलं येतात. ती संपली की दांडा बुडातून छाटायचा, म्हणजे कंद नवे कोंब काढतो. ही मुदत ठेव आहे. मुद्दल जमिनीत, फूल हे व्याज. दर दोन-तीन वर्षांनी कंद वेगळे करून शेजाऱ्यांना वाटता येतात. ठेवीत अशी सोय अजून कुठल्या बँकेने काढलेली नाही.

आणि पाणी. इथं मला आपल्या आज्या-पणज्यांची बाजू घ्यायची आहे. त्यांनी कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं, पण अळू, केळ, कर्दळ आणि सोनटक्का ही चार झाडं त्या डोळे मिटून एकाच जागी लावत: परसात, न्हाणीच्या पाण्यावर. अंघोळीचं पाणी रोज जातं. पाऊस चुकेल, नळ चुकेल. पण माणसं सहसा अंघोळ चुकवत नाहीत. (अपवाद घरोघरी असतात, नावं घेत नाही.) १९७२च्या दुष्काळात माणसांनाच प्यायला पाणी नव्हतं, तेव्हा बागेची गोष्ट सोडा, पण एरवीच्या कोरड्या सालांत परसातलं अळू हिरवं राहायचं ते या हिशेबाने. झाडाला पाणी न्यायचं नाही, पाण्यापाशी झाड न्यायचं. निजामशाहीतल्या सुलतानांनाही हे कळत होतं. त्यांनी खापरी नळांनी दूरवरून गावात पाणी आणलं आणि फराहबागेचा महाल चक्क तळ्याच्या मधोमध बांधला. आधी पाणी, मग बाग. आज तळं कोरडं आहे आणि बागेचं नुसतं नाव उरलं आहे. आपल्याच तालुक्यातल्या हिवरे बाजारने पुढे हाच हिशेब कागदावर मांडला. दरवर्षी पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद काढायचा आणि त्यावरून पिकं ठरवायची. वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून सांगतो, ताळेबंदाचा इतका सुंदर उपयोग मला कॉलेजात कुणी शिकवला नव्हता.

फक्त एक दुरुस्ती. आजीच्या न्हाणीत शिकेकाई आणि डाळीचं पीठ असायचं. आपल्या मोरीतून कपड्यांच्या पावडरीचा फेस येतो, आणि त्यातले क्षार जमिनीत साचून मुळांना बाधतात. तेव्हा अंघोळीचं पाणी सोनटक्क्याला, वॉशिंग मशीनचं गटाराला. हे एवढं कुणाही नळकाम करणाऱ्याला सांगून दोन तासांत होतं. मात्र तो सुरुवातीला "कशाला साहेब, एकच पाइप टाकू" म्हणेल. त्याचं ऐकायचं नाही.

यावर फाटकपक्षाचा शेवटचा बाण असा: "अहो, मग एवढं फूल परसात कुणाला दिसणार?" हा प्रश्न विचारणारे नेहमी पुरुष असतात, असं माझं निरीक्षण आहे. परसात कोण असतं? संध्याकाळी सहा ते आठ या वेळात घरातली बाई मागच्या दाराशी असते. भांडी तिथं, वाळत घातलेले कपडे तिथं, तांदूळ निवडायला उजेड तिथं. दिवसभरात तिला जी काय दहा मिनिटं बसायला मिळतात, ती मागच्या पायरीवर. आमच्या आईचं सगळं आयुष्य त्या पायरीवर गेलं. पुढची बाग वडिलांची, गुलाबांची. तिच्यात उभं राहून ते लोकांशी बोलत. आईने पुढच्या बागेत कधी खुर्ची टाकल्याचं मला आठवत नाही. पण मागं सोनटक्का होता. भाद्रपदात तो फुलला की ती हातातलं काम तसंच ठेवून क्षणभर मान वर करायची. बोलायची काही नाही. गौरींना पहिलं फूल जायचं, दुसरं तिच्या अंबाड्यात. ते दुसरं फूल कधी चोरीला गेलं नाही.

तेव्हा "कुणाला दिसणार" असं मला कुणी विचारलं की मी विषय बदलतो, कारण भांडण होतं.

आता मुद्दा असा आहे की परसच राहिलेलं नाही. हल्ली घर रंगवायला काढलं की मागची-बाजूची सगळी माती पेव्हर ब्लॉकखाली जाते. चिखल होतो म्हणे. पालापाचोळा पडतो म्हणून कडुनिंब जातो. मग वैशाखात भिंती तापतात म्हणून कूलर येतो, आणि कूलरचं पाणी ठिबकतं म्हणून त्याखाली कुंडी येते, आणि त्या कुंडीत काय लावावं असं विचारायला मंडळी माझ्याकडे येतात. परवाच समोरचे काका आले होते. या महिन्यात त्यांची पूर्वेची पट्टी फरशीने झाकायची आहे; आणि कंद कुठं मिळतील, फाटकापाशी लावीन म्हणतो, असं विचारत होते. मी त्यांना कंद दिलेले नाहीत. एक अट घातली आहे. फरशीवाल्याला सांगून न्हाणीच्या भिंतीलगत दोन फूट बाय चार फुटांची जागा उघडी सोडायला लावा, मग हवे तेवढे कंद घेऊन जा. काका विचार करतो म्हणाले. मी त्यांना फरशीचा दर विचारला, आठ चौरस फुटांचा हिशेब तिथंच पाकिटाच्या मागं करून दिला आणि खाली एकूण बचत लिहून तिच्याखाली दोन रेघा मारल्या. ते पाकीट त्यांनी घडी करून खिशात ठेवलं आहे.